नदीच्या ७ फुटी रॉडला रीळ कुठलं घेऊ? (कृष्णा, हरिपूर)

हरिपूरकर

रामराम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. लहानपणापासून बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गळ एवढ्यावरच मासे धरलेत, रीळ कधी हातात घेतलं नाही. आता झालंय असं की माझा आत्तेभाऊ पुण्यात होता, तो नोकरीसाठी बाहेर गेला आणि जाताना त्याचा रॉड मला देऊन गेला. फक्त रॉड. रीळ त्याने आधीच कुणाला तरी विकून टाकलं होतं.

रॉडवर लिहिलंय ते जसंच्या तसं देतो. ७ फूट, एमएच, फास्ट, लाईन १०-२० एलबी, ल्यूर १०-३० ग्रॅम. दोन तुकड्यांचा आहे, काळा, वजनाला एकदम हलका.

जागा म्हणजे हरिपूरच्या संगमाच्या आसपास आणि वर सांगलीच्या बाजूला मळीत (नदीकाठच्या शेतात). काठ उंच आहे, आणि पाण्यात उतरायचा तर विषयच नाही, कृष्णेत मगरी आहेत हे इकडं शेंबड्या पोराला पण माहितीय, त्यामुळं जे काय टाकायचं ते काठावरनंच आणि लांब. चिलापी भरपूर मिळते, कणकेवर नि शेंगपेंडीवर रोहू कटला, अधूनमधून शिंगाडा, आणि पाऊस उघडला की ओढ्याच्या तोंडाला मरळ.

बजेट अडीच हजार, ओढूनताणून तीन. दुकानात गेलो तर त्यानं ६००० साईजचं भलंमोठं रीळ काढून ठेवलं पुढ्यात, १३ का १४ बेअरिंग म्हणाला, समुद्रात पण चालतंय म्हणाला. घेऊ का?

आणि एक बारकी शंका. मित्राचं रीळ लावून बघितलं, बसतंय घट्ट, पण रॉडच्या मुठीला एका बाजूला प्लास्टिकचं नख आल्यासारखं आहे ते तळहाताला टोचतं. हॅक्सॉ ब्लेडनं ते कापून जरा घासून घेतलं तर चालेल का, का रॉड कमकुवत होईल?

प्रीतिसंगम

६००० घेऊ नको भावा. दुकानदाराकडं पडून असेल म्हणून तुझ्या गळ्यात मारतोय. (गळ्यात म्हणजे गळात नव्हे.)

रीळ निवडताना आधी रॉडवर जे लिहिलंय तेच वाचायचं, तू लिहून दिलंस ते बरं केलंस. एमएच म्हणजे मध्यम-कडक, फास्ट म्हणजे टोकाकडंच वाकणारा, लाईन म्हणजे दोरी, एलबी म्हणजे ती किती पौंड ताण सोसते ते, आणि ल्यूर म्हणजे नकली आमिष. १०-२० एलबी लाईनीचा ७ फुटी रॉड म्हणजे त्याला ३००० किंवा फार तर ४००० साईज. ६००० चं रीळ पाचशे ग्रॅमच्या पुढं जातं आणि तुझा रॉड आहे हलका, दिवसभर फेकाफेकी केलीस की संध्याकाळी मनगट भाकरी मोडायच्या लायकीचं राहत नाही. २५००-३००० चं रीळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतं. बॅलन्स बघायचा म्हणजे काय तर रॉडला रीळ लावायचं, आणि रीळाचा पाय जिथं संपतो त्याच्या किंचित पुढं एका बोटावर रॉड तोलायचा. साधारण आडवा राहिला पाहिजे. थोडा इकडंतिकडं चालतो पण मुठीकडनं धाडकन खाली गेला तर रीळ जड आहे.

आकड्यावर डोळे झाकून जाऊ नको. शिमानो, दायवा, पेन सगळे ३००० लिहितात पण एकाचं ३००० दुसऱ्याच्या २५०० एवढं निघतं. स्पूलवर (लाईन गुंडाळायच्या चकरीवर) लाईन किती बसते ते छापलेलं असतं ते बघ, ०.३० मिमीची दीडशे मीटर बसली की नदीला रग्गड झालं.

बेअरिंगचं पण तसंच. चाकं जास्त म्हणून गाडी चांगली असं असतंय का? १३ रद्दड बेअरिंगपेक्षा ४ चांगली कधीपण परवडली. दुकानात हँडल धरून पुढंमागं हलवून बघ, खडखड आवाज आला तर ठेवून दे तिथंच. बेल (लाईन धरणारी तारेची कमान) उघडून बंद करून बघ. आणि ड्रॅग (मासा जोरात ओढला की लाईन सोडणारा ब्रेक) सैल करून हातानं लाईन ओढ, झटके न देता एकसारखी सुटली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. रोहू पळायला लागला की तुझं नशीब त्या ड्रॅगच्या चकत्यांवर असतं, बेअरिंगवर नाही.

नखाचं काय कळलं नाही, फोटो टाक.

गरी_आणि_भरती

आमच्याकडे खाडीत ४००० शिवाय कोण बघत नाही. हरिपूरकर, मधेच कधी देवगड मालवणला यायचा विचार असेल तर ४०००च घ्या, एकाच रीळात दोन्ही भागेल. फक्त खाऱ्या पाण्यातून आलात की ड्रॅग घट्ट करून वरनं गोड्या पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि मग ड्रॅग सैल करून सुकवायचं, नाहीतर सहा महिन्यांत गंजून बसतं. नळाखाली जोरात धरू नका, मीठ उलट आत जातं.

प्रीतिसंगम

अहो त्याला हरिपुरात चिलापी धरायचीय, तुम्ही त्याला पार मालवणला नेलंत.

उजनी_काठ

थांबा थांबा थांबा. सगळ्यांनी एक मिनिट थांबा.

हरिपूरकर, ते नख कापू नका. ब्लेड खाली ठेवा आधी.

मला तीन गोष्टी सांगा. एक, ते नख आणि रॉडवरच्या रिंगा एकाच बाजूला आहेत का विरुद्ध बाजूला? दोन, मुठीजवळची पहिली रिंग केवढी आहे, बोट जातं का त्यातनं? तीन, एकूण रिंगा किती? आणि मॉडेल नंबरात सी किंवा एस असं अक्षर कुठं आहे का बघा.

हरिपूरकर

काका आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. नख एका बाजूला, रिंगा बरोबर विरुद्ध बाजूला. पहिली रिंग बारीकच आहे, पेन्सिल जाते पण करंगळी अडकते. रिंगा टोकाची धरून ९. आणि मॉडेल नंबर सी नं सुरू होतो. कापलं नाही अजून, उद्या रविवार म्हणून ठेवलं होतं.

उजनी_काठ

वाचला बिचारा रॉड.

मंडळी, हा स्पिनिंग रॉड नाहीच. कास्टिंग रॉड आहे, मॉडेलमधला सी म्हणजे तेच. त्यामुळं ३००० का ४००० ही सगळी चर्चा भलत्याच रॉडची चाललीय.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि वर्षभर तशीच चालवली आहे. आपण सगळेजण बघतो ते साधं रीळ, म्हणजे स्पिनिंग, ते रॉडच्या खाली लटकतं आणि रिंगा पण खालीच असतात. त्याचं स्पूल फिरत नाही, लाईन स्पूलच्या तोंडावरनं वेटोळी घेत सुटते. ती मोठी मोठी वेटोळी आवळून सरळ करायला पहिली रिंग मोठी लागते, मग पुढं लहान लहान होत जाते. २५-३० मिमीची तरी पहिली रिंग असते स्पिनिंग रॉडला. कास्टिंग रीळ रॉडच्या वर बसतं, रिंगा पण वर, आणि त्याचं स्पूल स्वतः गरगर फिरून लाईन सरळ सोडतं, म्हणून रिंगा बारीक चालतात. आणि ते तुमचं नख म्हणजे ट्रिगर. रीळ वर, अंगठा स्पूलवर आणि खालून तर्जनी त्या ट्रिगरला अडकवायची, म्हणजे फेकताना रॉड हातातनं निसटत नाही. तुम्ही स्पिनिंग रीळ खाली लावलंत म्हणजे रॉड उलटा झाला, ट्रिगर वर आला आणि तळहातात घुसला. रॉडची काही चूक नाही, तो बिचारा सांगत होता की मला उलटं धरलंय.

आता स्पिनिंग रीळ लावून चालेल का? बसतं, तुम्ही बघितलंतच. मासा पण लागेल. पण लाईनीची वेटोळी त्या पेन्सिलएवढ्या रिंगेवर येऊन आपटतात, लाईन अडखळते आणि जिथं ३५ मीटर जायला पाहिजे तिथं २० वर टपकन पडतं. तुम्हाला तर उंच काठावरनं लांबच टाकायचंय. जाड लाईन घेतली तर अजूनच वाईट.

तर दोनच रस्ते. एक, रॉड हाच ठेवायचा आणि कास्टिंग रीळ घ्यायचं, ज्याला लो-प्रोफाईल किंवा बेटकास्टर म्हणतात. तीन हजारात शिकण्यापुरतं बरं मिळतं. दुसरा, हा रॉड ठेवून द्यायचा आणि त्याच पैशात साधा स्पिनिंग रॉड-रीळ जोड घ्यायचा. तुम्ही काय धरणार त्याच्यावर आहे. चिलापीसाठी पिठाची गोळी आणि बारकं शिसं असं तीन-चार ग्रॅमचं फेकायचं असेल तर कास्टिंग रीळ तुम्हाला रडवेल, हलकं वजन स्पूलला फिरवूच शकत नाही. रॉडवर १० ग्रॅमपासून लिहिलंय ते उगाच नाही. पण मरळीला बेडूक ल्यूर टाकायचा असेल, शिंगाड्याला २० ग्रॅमचं शिसं लावून तळाला टाकायचं असेल, तर हा रॉड म्हणजे सोनं आहे. वेलीत पळालेली मरळ ओढून काढायला असाच कडक रॉड लागतो.

प्रीतिसंगम

हात जोडले काका. नख म्हटल्यावर माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. हरिपूरकर, माझं वरचं सगळं स्पिनिंगसाठी बरोबर आहे पण तुझ्यासाठी नाही. ड्रॅगचं आणि बेअरिंगचं तेवढं घे, बाकी सोड.

बांबूवाला

एवढा राडा कशाला म्हणतो मी. बारा फुटी बांबू, काठीएवढाच तंगूस, मोराच्या पिसाचं तरंगतं, आणि चार गांडुळं. आमच्या वडलांनी आख्खी हयात त्यावर रोहू काढले. अडीच हजारात दोन महिन्यांचे बाजारातले मासे येतात.

हरिपूरकर

अण्णा तुमचं खरं आहे, मी पण तेच करत आलोय. पण बांबूला मोठा रोहू लागला की दोनच गोष्टी होतात, गळ सरळ होतो नाहीतर तंगूस तुटतो, सोडायला दोरीच नसते ना. मागच्या दिवाळीत असाच एक गेला. पाठ दिसली होती त्याची, अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

उजनी काका, रॉड ठेवतो. चिलापीला बांबू आहेच. मग कास्टिंग रीळ कसं बघून घेऊ? साईज वगैरे काय असते त्याची? आणि त्याचा म्हणे गुंता लई होतो.

उजनी_काठ

होतो. सुगरणीचा खोपा होतो अगदी. पहिल्या आठवड्यात रोज एक खोपा धरून चाला, लाज वाटून घेऊ नका.

घेताना सगळ्यात आधी हात बघा. स्पिनिंग रीळाचं हँडल काढून डावीकडनं उजवीकडं लावता येतं, कास्टिंगचं नाही येत. डाव्या हँडलचं वेगळं मॉडेल, उजव्याचं वेगळं. ऑनलाईन घेताना लोक इथंच फसतात. तुम्ही उजव्या हातानं फेकणार आणि रॉड त्याच हातात ठेवून डाव्यानं गुंडाळणार असाल तर डाव्या हँडलचं घ्या.

साईजचे आकडे १००, १५०, २०० असे असतात, पण तिथंही स्पूलवर लाईन किती बसते तेच बघा. १२-१४ एलबी मोनो (एकाच धाग्याची नायलॉनची लाईन) शंभर-सव्वाशे मीटर बसली की बास. गिअर रेशो ६.३ च्या आसपास घ्या. म्हणजे हँडलचा एक वेढा मारला की स्पूल ६.३ वेढे फिरतं. ७, ८ वाली भरभर ओढतात पण जड मासा आला की हँडल फिरवायला तेवढीच ताकद जास्त लागते.

लाईन पहिल्यांदा साधी मोनोच भरा, ०.३० किंवा ०.३२. ब्रेड (विणलेली लाईन) लगेच घेऊ नका, एकतर महाग आणि खोपा झाला की सुटता सुटत नाही. पुढं मरळीसाठी ब्रेड भराल तेव्हा खाली आधी चार-पाच मीटर मोनो गुंडाळा आणि मग ब्रेड, नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर आख्खी गरकन फिरते, तुम्हाला वाटतं ड्रॅगच खराब निघाला. आणि काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर कड मोकळी ठेवा.

आता गुंता. गुंता का होतो तर शिसं हवेत हळू व्हायला लागतं आणि स्पूल मात्र आपल्याच मस्तीत फिरत राहतं, लाईन बाहेर जायला जागा नाही म्हणून आतल्या आत फुगते. त्याला आवरायला तीन लगाम आहेत. हँडलच्या बाजूला एक छोटी गोल चकती असते, ती स्पूलचा ताण. रॉड आडवा धरून बटण दाबा, शिसं सावकाश खाली आलं पाहिजे आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर चकती आवळा. दुसऱ्या बाजूला ब्रेकचा आकडा असतो, तो सुरुवातीला पूर्ण वर ठेवा. अंतर कमी जाईल, जाऊ दे. तिसरा लगाम तुमचा अंगठा. शिसं पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलवर टेकलाच पाहिजे. हे वाचून येत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध तर पहिला महिना टाकूच नका.

एक युक्ती सांगतो. शिकताना जेवढं लांब जातंय तेवढी लाईन बाहेर काढा, वर अजून दहा मीटर काढा आणि तिथं स्पूलवर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवून त्यावरनं लाईन गुंडाळा. कितीही मोठा खोपा झाला तरी टेपच्या खाली जात नाही.

ड्रॅग भाजीवाल्याच्या स्प्रिंग काट्यानं लावा. लाईनीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. १२ एलबी म्हणजे साडेपाच किलो धरा, तर काटा दीड किलोच्या आसपास आला की लाईन सुटायला लागली पाहिजे. डब्यावर ८ किलो ड्रॅग लिहिलेलं असतं ते वाचून खूश होऊ नका, तेवढा आवळलात तर लाईन आधी जाईल.

आणि रोहूसाठी तळाला टाकून रॉड स्टँडवर ठेवून चहा प्यायला जायची सवय असेल तर रॉडची मूठ दोरीनं खुंटीला बांधा. तुमच्याकडं तर पाण्यात गेलेला रॉड आणायला उडी पण मारता येणार नाही.

वैनगंगा_पार

एक गोष्ट कोणीच नाही बोललं म्हणून लिहितो. भाऊ, रॉड काळा आणि हलका आहे म्हणता, म्हणजे कार्बनचा असणार. त्यातनं करंट जातो. नदीकाठी शेतीच्या मोटारींच्या तारा किती खाली लोंबतात तुम्हाला माहीत आहेच. बांबू घेऊन जसे बिनधास्त खालून जाता तसं या रॉडचं नका करू. ताराजवळ आलं की दोन तुकडे काढून हातात आडवे धरून जायचं, आणि आभाळ गडगडलं की सरळ सामान गुंडाळून घरी.

हरिपूरकर

हे बरं सांगितलंत भाऊ. आमच्या मळीत तर तारा हाताला लागतील इतक्या खाली आहेत, बांबू घेऊन रोज खालनंच जातो.

गरी_आणि_भरती

उंच काठ म्हणताय तर लांब दांड्याचं जाळं पण घ्या बजेटमधनं. मासा काठाला आणल्यावर रॉडनं उचलायला गेलात तर फास्ट रॉडचं टोक तिथंच मोडतं. आमच्या जेटीवर दर मोसमात एकतरी मोडतो.

हरिपूरकर

मंडळी, रीळ घेतलं. डाव्या हँडलचं, रेशो ६.३, साईज १००. २६०० ला बसलं. दुकानदार ते ६००० अजून पुढं सरकवत होता, शेवटी ट्रिगर दाखवला तेव्हा गप्प बसला, मग म्हणाला असल्या रॉडला गिऱ्हाईक कमी येतंय.

नदीवर न जाता आधी ऊस गेलेल्या रानात सराव केला, गळ न लावता नुसतं २० ग्रॅमचं शिसं. पहिल्या पाचात तीन खोपे. चुलत्यांचा पोरगा बाजूला बसून मोजत होता, त्याचा लई टाईमपास झाला. मग ब्रेक पूर्ण वर केला, चकती आवळली, आणि काका म्हणाले तसा अंगठा. दहाव्या-बाराव्याला जे सुटलं ना राव, सुईऽऽ आवाज करत, पावलं मोजली तर ३१ भरली. तर्जनी त्या नखाला अशी बसते की वाटलं मी हे कापणार होतो.

आता प्रश्न असा की खोप्यापायी वीस-पंचवीस मीटर लाईन कापून टाकावी लागली. टेप लावायला विसरलो होतो. स्पूल आता अर्ध्यापेक्षा जरा वर दिसतंय. चालेल का तसंच?

उजनी_काठ

चालेल पण अंतर कमी पडेल, आणि एका वेढ्याला लाईन पण कमी गुंडाळली जाईल. नवीन लाईन विकत घेऊ नका. आहे ती सगळी बाहेर काढा, खाली बांबूचा जुना तंगूस भरा, आणि त्याच्यावर ही चांगली लाईन. गाठ बारीक मारा आणि शेपट्या जवळनं कापा, नाहीतर तीच गाठ रिंगेत अडकेल. आणि या वेळी टेप लावा.

हरिपूरकर

लावतो. तंगूस घरात ढिगानं आहे.